पेट्या की पिशव्या? जूनमध्ये एक्सपल्सवर विदर्भ फिरायला निघणाऱ्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे एक भाऊ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हीरो एक्सपल्स २०० फोर-व्ही घेऊन एकटेच निघणार आहेत. चंद्रपूर, आलापल्ली, सिरोंचा, परत आलापल्लीवरून भामरागड, मग गडचिरोली, नवेगावबांध, नागपूर, परतवाडा, सेमाडोह, धारणी आणि शेवटी लोणार करून घरी. दहा दिवस, दीड-पावणेदोन हजार किलोमीटर. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि मागे टॉप बॉक्स त्यांनी पसंत करून ठेवलाय. विचारतात, "पेट्या घेऊ की कापडी बॅगा? आणि अंगावर काय घालू?"

भाऊ, पेट्या घेऊ नका. तुमची गाडी, तुमचा रस्ता आणि तुम्ही निवडलेला महिना, तिन्ही पेट्यांच्या विरोधात आहेत. का ते सविस्तर सांगतो, कारण दुकानात पेटी फार देखणी दिसते आणि तिला नाही म्हणायला कारण पक्कं लागतं.

मी बियाण्यांच्या कामामुळे २००८ पासून या अकरा जिल्ह्यांत मोटरसायकलवर फिरतोय. पांदण रस्ते (शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटा), धुरे म्हणजे शेताचे बांध, नाल्यातल्या वाटा हे माझं रोजचं आहे. २०१८ च्या जुलैमध्ये मीही पेट्या लावल्या होत्या. गाडी रिकामीच जवळपास दोनशे किलोची होती. दिग्रसकडच्या एका पांदणीत, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, पुढचं चाक बैलगाडीच्या चाकोरीत शिरलं आणि गाडी डावीकडे निजली. वेग चालण्याइतका असेल. पण पेटीची खालची कड माझ्या घोट्यावर आली आणि पाय चिखल आणि पेटीच्या मध्ये अडकला. कापडी बॅग असती तर ती दबली असती. पेटी दबत नाही. तिच्यात भरलेल्या प्रत्येक किलोचं वजन त्या एका कडेवर, म्हणजे माझ्या हाडावर होतं. वखर घेऊन येणाऱ्या एका शेतकरी काकांनी बैल सोडले, धावत आले. मी म्हणालो, पेटीची कडी उघडून सामान काढू. ते म्हणाले, "पयले पाय काढू, मंग पेटी पाहू." त्यांनी हातांनी माझ्या पायाखालची माती उकरली आणि पाय मोकळा केला. घोट्याचं लिगामेंट फाटलं होतं, सहा आठवडे गेले. पेटीचा रॅक सांध्यावर तुटला होता तो वेगळाच. त्या दिवसापासून मी पेटी लावलेली नाही, आणि कच्च्या रस्त्यावर एकट्याने जाणाऱ्या कोणालाही लावू देत नाही.

पेट्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. नागपूर ते हैदराबाद डांबरी रस्ता, हॉटेलात मुक्काम, लॅपटॉप सोबत, अशा कामाला कुलूपबंद पेटी उत्तम. तुमचा प्रवास तसा नाही.

आता तुमच्या गाडीचं बोलू. एक्सपल्स सगळे द्रव भरून १६० किलोच्या आसपास भरते, सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. ही गाडी हलकी आहे हाच तिचा गुण. पेट्या, त्यांचा लोखंडी सांगाडा आणि टॉप बॉक्स मिळून आत एक बनियानही न टाकता पंधरा किलोच्या वर जातात. त्यातही सर्वांत वाईट जागा टॉप बॉक्सची. मागच्या एक्सलच्याही मागे आणि उंचावर ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. मागचा शॉकअप बसतो, पुढचं चाक हलकं होतं, आणि मुरमात किंवा वाळूत हँडल डुलायला लागतं. शिवाय प्रत्येक खड्ड्यात मागचा सबफ्रेम, म्हणजे सीटखालचा नळ्यांचा सांगाडा, तो झटका झेलतो. सबफ्रेम तडकला तर एटापल्लीत वेल्डिंगवाला मिळेलही, पण पातळ नळीचं वेल्डिंग करून पुढचे आठ दिवस कसे जातील हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून बॅग निवडायच्या आधी वजन ठरवा. घरात धान्य तोलायचा हुकवाला काटा असतो, तो छताला टांगा आणि न्यायची प्रत्येक वस्तू तोला. पाठीवरचं पाणी सोडून गाडीवर एकूण पंधरा किलो, फार तर अठरा. एकट्या माणसाला दहा दिवसांना याहून जास्त लागत नाही. कपडे तीन दिवसांचे न्या आणि धूत राहा. जूनच्या उन्हात तासाभरात वाळतात.

मग बॅगा. मी सांगेन : दोन्ही बाजूंना मिळून तीस ते चाळीस लिटरच्या कापडी सॅडल बॅगा आणि सीटवर आडवी वीस-पंचवीस लिटरची एक ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न शिरणारी पिशवी. बस. घोड्याच्या नालेसारखी सीटवरून दोन्ही बाजूंना उतरणारी, रॅक न लागणारी बॅगही मिळते. हलक्या गाडीला ती मला सर्वांत जास्त पटते, कारण वजन सीटजवळ आणि पुढे राहतं. पण ती घेतलीत तरी बाजूला एक साधी नळीची दांडी बसवून घ्याच, नाहीतर बॅग आत झुकून चाकाला लागते. आपल्याकडे रायनॉक्स, व्हिया टेरा अशा भारतीय कंपन्यांचा मालही चांगला येतो, परदेशी बॅगेच्या मागे लागायची गरज नाही. नाव पाहण्यापेक्षा पुढच्या गोष्टी हाताने तपासा.

पहिली म्हणजे शिवण. बॅगेचे सांधे दोऱ्याने शिवलेले आहेत की उष्णतेने चिकटवलेले? सुईच्या भोकातून पाणी आत येतंच, कापड कितीही चांगलं असो. घरी आणल्यावर बॅगेत बादलीभर पाणी ओता, तोंड गुंडाळा आणि अंगणात टांगून ठेवा. आतलं पाणी ज्या सांध्यातून बाहेर येईल, बाहेरचा पाऊसही तिथूनच आत जाईल. दुसरी गोष्ट तोंड. चेनवाली बॅग या भागात नको. काळी माती चेनच्या दातांत बसली आणि वाळली की ती सिमेंटसारखी होते, मग ओढणारा खटका हातात येतो. गुंडाळून बंद होणारं रोल-टॉप तोंड घ्या आणि किमान तीन वळ्या देऊन बक्कल लावा. साध्या बॅगेवर रेन कव्हर घालतो असं म्हणणारे भेटतील. वाऱ्याने ते फुगतं, बोरीच्या नाहीतर हिवराच्या काट्याला एकदा अडकलं की फाटतं, आणि पहिल्याच पावसात तळाशी पाणी साचतं.

तिसरी गोष्ट खास एक्सपल्सची. तिचा सायलेन्सर उजव्या बाजूने वर उचललेला आहे. नाला ओलांडायला हे चांगलं, बॅगेला धोक्याचं. माझ्या ओळखीच्या एका मुलाची उजवी बॅग मूल गावाच्या रस्त्यावर वितळली. वास आला तेव्हा त्याला वाटलं शेतात कोणी काही जाळतंय. थांबून पाहिलं तर बॅगेच्या तळाला तळहाताएवढं भोक आणि आतली बनियान तपकिरी. उभ्या गाडीवर अंतर पुरेसं दिसतं, फसगत तिथेच होते. बॅगा भरून बांधा, तुम्ही बसा, मागे एखाद्या जड माणसाला जोर देऊन गाडी दाबायला सांगा, आणि तिसऱ्याला पाहायला सांगा. शॉकअप पूर्ण दबल्यावरही बॅग आणि सायलेन्सरमध्ये तीन बोटं जागा राहिली पाहिजे. नसेल तर मध्ये पत्र्याचं संरक्षण हवं. चांगला फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करून देतो. उजवीकडे कपडे भरा, डावीकडे जड सामान. सायलेन्सरच्या वजनाने समतोलही बरा राहतो.

बांधायला हुकवाले रबर वापरू नका, हे मी फार तळमळीने सांगतोय. ताणलेला हुक सुटला तर सरळ डोळ्याकडे येतो, नाहीतर मागच्या चाकात जाऊन चेन अडवतो. दातेरी बक्कलचे सपाट पट्टे घ्या. पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबकळत ठेवू नका, गुंडाळून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या वळ्यात खोचा. अशा ट्यूबच्या आठ-दहा वळ्या कापून सोबतच ठेवा. टायरच्या दुकानात फुकट मिळतात आणि निम्म्या अडचणी सोडवतात. निघाल्यावर पहिल्या वीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा. कापड बसतं, पट्टा ढिला होतो. मागच्या शॉकअपचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, सामान बांधल्यावर दोन-तीन खाचा वाढवा आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या.

सीटवरची बॅग उंच रचू नका. तुमची उंची साडेपाच फूट आहे असं लिहिलंय. दिवसभराच्या थकव्यानंतर पाय टाकताना बूट बॅगेला अडकतो आणि उभी गाडी आडवी होते. माझ्या पाहण्यात सामान लादलेल्या गाड्या चालताना कमी पडल्या, चढता-उतरताना जास्त.

हत्यारं आणि ट्यूब हे सर्वांत जड. ते मागे नको, पुढे क्रॅशगार्डला छोट्या बॅगेत बांधा, फक्त ऑइल कूलरवर येणारा वारा अडवू नका. एक्सपल्सला पुढे २१ आणि मागे १८ इंची तारांची चाकं आहेत, आत ट्यूब. आपल्याकडे पंक्चर खिळ्याने कमी, बाभळीच्या काट्याने आणि तुरीच्या खुंटाने जास्त होतं. तूर कापल्यावर जमिनीत राहिलेला तो तिरपा खुंट टायरची बाजू फाडतो. एक २१ इंची ट्यूब न्या. अडचणीत ती मागच्या १८ इंची टायरमध्येही दुमडून बसवता येते, उलटं होत नाही. सोबत टायर उचलायचे दोन लोखंडी चमचे, पॅच, सोल्युशन, हातपंप, आणि दोन्ही एक्सलच्या नटांचे पाने. हे पाने कंपनीच्या किटवर विसंबून सोडू नका, घरी स्वतः दोन्ही चाकं काढून बसवून पाहा. क्लचची जादा केबल जुन्या केबललाच समांतर बांधून ठेवा, म्हणजे तुटली की फक्त टोकं जोडायची. चेनचा एक जोड, एम-सील, बाइंडिंग तार. बाकीचं पुण्या-मुंबईचे लोक जे घेऊन फिरतात ते राहू द्या.

एक वस्तू मात्र बाजारातून नक्की घ्या : निंदणाचं खुरपं. काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चढतो, मडगार्डच्या आत ठासतो, आणि चाक फिरायचंच थांबतं. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी जागेवर. काडीने ती माती निघत नाही, काडी मोडते. खुरप्याने पाच मिनिटांत चाक मोकळं होतं. टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा म्हणजे बॅग कापणार नाही. आणि कायम लक्षात ठेवा, वणी ते यवतमाळ, पुढे अकोला-वाशिम-बुलढाण्यापर्यंत रेगडाचं, म्हणजे या काळ्या मातीचं, राज्य आहे, गडचिरोलीकडे मुरूम आणि वाळू. पाऊस पडून गेला असेल तर रेगडाच्या पांदणीत शिरू नका. दोन कडक उन्हं पडली की तीच पांदण वाजेल इतकी टणक होते.

आता अंगावरचं. पैसे मोजकेच असतील तर आधी हेल्मेट, मग बूट, मग गुडघे, मग जॅकेट, आणि शेवटी बॅगा. बरेच जण नेमका उलटा खर्च करतात. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह हवंच, ते कायद्यानेच आहे. ईसीई २२.०६ हे युरोपचं मानकही असेल तर उत्तम. डोक्याला घट्ट बसलं पाहिजे, गाल दाबले गेले पाहिजेत. पुढे टोपीसारखं छज्जं असलेलं हेल्मेट कच्च्या रस्त्यावर संध्याकाळच्या उन्हाला कामाचं, हायवेवर मात्र वारा मान ओढतो. तुमचा निम्मा प्रवास डांबरी आहे, तेव्हा छज्जं काढता येईल असंच बघा. बूट घोट्याच्या वर, कडक तळव्याचे, घोट्याला दोन्ही बाजूंनी कडक कवच असलेले. माझ्या घोट्याची गोष्ट वर सांगितलीच. गुडघ्याला आणि कोपराला सीई लेव्हल २ चं (युरोपच्या मानकातलं वरच्या दर्जाचं) आर्मर, आणि पाठीचा तुकडा वेगळा विकत घ्यावा लागला तरी घ्या. बहुतेक जॅकेटांत पाठीला नुसता फोम असतो.

जॅकेट जाळीचं. पण जाळीबद्दल एक गैरसमज आहे. हवा ३५ अंशांच्या आत असते तोवर अंगावरून जाणारा वारा थंड करतो. ४४-४५ अंशांत तोच वारा भट्टीचा असतो. तो अंग तापवतो आणि घाम कातडीवर टिकू देत नाही. थंडावा फक्त सुकणाऱ्या पाण्यातून मिळतो. म्हणून कोरड्या लूमध्ये (उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यात) जाळीच्या आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा पूर्ण भिजवून घाला आणि पुढून जॅकेट थोडं झाकून घ्या, म्हणजे पाणी अर्धा-पाऊण तास टिकतं. गळ्याला ओला दुपट्टा, त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचलेली. आपल्याकडचे म्हातारे उन्हात कान बांधल्याशिवाय निघत नाहीत ते उगाच नाही. गडचिरोलीत पाऊस सुरू होऊन दमट झालं की उलट करा : आत पातळ सिंथेटिक आणि जाळी पूर्ण उघडी, कारण तिथे ओला सदरा सुकतच नाही.

पाणी पाठीवर तीन लिटरच्या पिशवीत आणि गाडीवर आणखी दोन लिटर. ओआरएसची मोठी पुडी एका लिटरसाठी असते, अर्ध्या ग्लासात घोळून पिऊ नका. दुपारी बारा ते चार गाडी सावलीत. पहाटे पाचला निघून साडेअकरापर्यंत दोनशे किलोमीटर होतात, उरलेलं संध्याकाळी. अंधारात मात्र नाही. सेमाडोहच्या रस्त्यावर गवा आणि अस्वल, आलापल्लीकडे रस्त्यावर निजलेली गुरं, आणि रात्री वनखात्याच्या नाक्यांवर अडवणूक होऊ शकते.

पावसासाठी जॅकेटच्या आतलं अस्तर नको, वरून घालायचा दोन तुकड्यांचा रेनसूट हवा. आतलं अस्तर तुम्हाला कोरडं ठेवतं, पण बाहेरचं जॅकेट दोन किलो पाणी पिऊन बसतं आणि सकाळी ओलंच अंगावर चढवावं लागतं. रंग पोपटी किंवा नारिंगी. इथे एक गंभीर गोष्ट : लष्करी ठिपक्यांच्या छाप्याचं किंवा गडद हिरवं काहीही, जॅकेट, पँट, बॅग, टोपी, गडचिरोलीत नेऊ नका. साहसी प्रवासाच्या दुकानांत हाच माल जास्त असतो. त्या जिल्ह्यात नक्षली संघर्षात गावकऱ्यांनी आणि जवानांनी फार सोसलंय, आणि अशा कपड्यांनी माणूस कोणत्या बाजूचा हा संशय येतो. तुम्ही लांबून स्पष्ट पाहुणे दिसलात तर सगळ्यांनाच बरं. चौक्यांवर थांबा, नाव सांगा, लायसन्स आणि गाडीचे कागद प्रत्यक्ष जवळ ठेवा, कारण भामरागडच्या वाटेवर मोबाइल दाखवायला रेंज असेलच असं नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या. टाकी तेरा लिटरची आहे, आलापल्लीला ती काठोकाठ भरा. बाटलीत पेट्रोल नेण्याचा विचारही करू नका.

तंबूबद्दल विचारलंत. नेऊ नका. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघ आहे, परवानगीशिवाय जंगलात मुक्काम करता येत नाही आणि करूही नये. गावात पोचल्यावर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटलात तर शाळेची पडवी, समाजमंदिर, एखाद्याचं अंगण मिळतंच. तंबूचे तीन किलो वाचवून त्यातल्या अर्ध्या किलोची मच्छरदाणी न्या. गडचिरोली हिवतापाचा जिल्हा आहे आणि पावसाच्या तोंडाशी मच्छर वाढतात. मच्छरदाणी, पातळ चादर, एक सतरंजी. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गडचिरोलीत राहून आल्याचं आवर्जून सांगा.

भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी चढलं की गाव तुटतं, हे दर पावसाळ्याचं आहे. जूनच्या मध्याला बहुधा वेळ असतो, पण रपट्यावरून (बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर हेमलकशाला थांबा, पाणी उतरू द्या. बॅगा भरलेल्या गाडीला वाहतं पाणी बाजूने ढकलतं, बॅग म्हणजे पाण्याला मिळालेलं शीडच. एक दिवस जादा ठेवूनच निघा.

निघण्याच्या आधीच्या रविवारी एक काम करा. सगळं सामान, पाण्यासकट, जसं नेणार तसं बांधा. पूर्ण कपडे, बूट, हेल्मेट घालून दुपारी तीन वाजता गावाजवळच्या पांदणीत जा. इंजिन बंद करा, पेट्रोलचा कॉक असेल तर तोही, आणि गाडी हळूच डाव्या बाजूला निजवा. मग एकट्याने उचला : हँडल पूर्ण वळवून, पाठ गाडीला टेकवून, पायांच्या जोरावर. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा उचलता आली नाही तर तिथेच धुऱ्यावर बसून सीटवरची बॅग उघडा आणि काय काय घरी ठेवायचं ते बाजूला काढा.